ईएन २४ चा शाफ्ट मागवताना नुसता ग्रेड लिहून भागत नाही

भट्टीकर

भोसरी, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा. "जरा दणकट मटेरियल पाहिजे" म्हटलं की समोरून उत्तर येतं, "मग ईएन २४ टाका." (ईएन २४ म्हणजे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील.) उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. मी हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आहे. तुटलेले जॉब "स्टील खराब निघालं" अशा तक्रारीसह आमच्याकडे येतात आणि बऱ्याचदा स्टीलमध्ये काहीच खोट नसते. या विषयावर मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी यात असतं काय ते पाहू. कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, निकेल १.३ ते १.७, क्रोमियम १ ते १.४, मॉलिब्डेनम ०.२ ते ०.३५. आता गंमत बघा, कार्बन ईएन ८ मध्येही, म्हणजे या जादा धातूंशिवायच्या साध्या कार्बन स्टीलमध्येही, जवळपास तेवढाच असतो. स्टील कडक होऊन होऊन किती होणार, हे मुख्यतः कार्बन ठरवतो. म्हणजे पेन्सिलीएवढी जाड सळई लाल करून झटकन थंड केली तर ईएन ८ सुद्धा जवळपास तितकंच कडक होईल. मग निकेल-क्रोमचे जादा पैसे कशासाठी मोजायचे?

खोलीसाठी. जाड बार तेलात बुडवला की त्याचा पृष्ठभाग लगेच थंड होतो, गाभा मात्र सावकाश. ईएन ८ ला ही सावकाशी चालत नाही, त्यामुळे वरचा थर कडक होतो आणि आतला भाग मऊच राहतो. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम आतल्या बदलाला थोपवून धरतात, म्हणून गाभा हळू थंड झाला तरी कडक होतो. शंभर-सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या शाफ्टला आतपर्यंत ताकद हवी असेल तर ईएन २४ ला अर्थ आहे. २० मिलिमीटरच्या पिनेला बहुतेक वेळा नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाजारात ईएन २४ चा बार दोन अवस्थांत मिळतो: अनील केलेला, म्हणजे मऊ, किंवा हार्डन-टेंपर केलेला, म्हणजे तापवून झटकन थंड करून (क्वेंच) कडक केलेला आणि मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवलेला (टेंपर). दुसऱ्याला 'टी कंडिशन' म्हणतात: ताणशक्ती ८५० ते १००० एमपीए (मेगापास्कल), कडकपणा २४८ ते ३०२ बीएचएन (ब्रिनेल कडकपणा). हा माल लेथवर कार्बाइड इन्सर्टने व्यवस्थित कापला जातो, त्यामुळे बरेच जण थेट तोच घेतात. याच्या वर यू, व्ही, डब्ल्यू करत झेड पर्यंत पायऱ्या आहेत. झेडला १५५० एमपीएच्या वर जाता येतं, पण ते लहान जाडीतच. कंडिशन लिहिली नाही तर दुकानदार हातात असेल तो बार देतो, आणि तो अनील केलेला असला तर तुम्ही ईएन २४ चे पैसे मोजून चांगल्या हार्डन केलेल्या ईएन ८ एवढीच ताकद घरी नेता.

हार्डनिंगचं तापमान ८२० ते ८५० अंश सेल्सिअस, मग तेलात क्वेंच आणि लगेच टेंपर. 'लगेच' या शब्दावर माझा जोर आहे. क्वेंच केलेला जॉब "उद्या सकाळी टेंपरला लावू" म्हणून रात्रभर ठेवला आणि सकाळी तडकलेला सापडला, असं होतं. टी कंडिशनसाठी टेंपर साधारण ५५० ते ६५० च्या पट्ट्यात. २०० च्या आसपास टेंपर केलं तर खूप कडक माल मिळतो. अडीचशे ते पावणेचारशे अंशांचा मधला पट्टा मात्र टाळायचा. तिथे कडकपणा ठीक दिसतो, पण माल ठिसूळ होतो आणि एका धक्क्यात जातो. ड्रॉइंगवर नुसतं "४८ एचआरसी" (एचआरसी म्हणजे रॉकवेल कडकपणा) लिहिलं की नेमका तोच पट्टा भट्टीवाल्याच्या वाट्याला येतो. कडकपणा मोजणाऱ्या यंत्राला हा ठिसूळपणा कळत नाही, त्यासाठी इम्पॅक्ट टेस्टच, म्हणजे धक्का देऊन तोडायची चाचणी, करावी लागते.

आता ज्याचा सगळ्यात जास्त घोळ होतो ते. शाफ्ट वाकतो, थरथरतो, म्हणून ईएन ८ काढून ईएन २४ टाकला तर तो तितकाच वाकणार. भाराखाली स्टील किती लवचिकपणे वाकतं ते यंग्ज मॉड्युलसवर ठरतं, आणि तो साध्या पट्टीपासून विमानाच्या स्टीलपर्यंत सगळ्यांचा जवळपास सारखाच, २०० जीपीएच्या (गिगापास्कल) आसपास असतो. हार्डनिंगनेही तो बदलत नाही. वाकणं कमी करायचं तर व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. मिश्रधातू वापरून कायमचं वाकणं आणि तुटणं लांबवता येतं, लवचिक वाकणं नाही.

---

ओंकार_डिप्लोमा

सर, खूप उपयोगी धागा. दोन शंका आहेत. ईएन १९ आणि ईएन २४ यांत निवड कशी करायची? आणि ४३४०, ३४सीआरएनआयएमओ६ आणि ईएन २४ हे एकच का? आमच्या नोट्समध्ये तिघांना 'समतुल्य' म्हटलंय.

---

भट्टीकर

ओंकार, समतुल्य म्हणजे जवळचं, तंतोतंत तेच नव्हे. अमेरिकन ४३४० मध्ये निकेल १.६५ ते २ टक्के आणि क्रोमियम ०.७ ते ०.९. जर्मन ३४सीआरएनआयएमओ६ मध्ये कार्बन थोडा कमी, ०.३० ते ०.३८, आणि क्रोमियम १.३ ते १.७. बहुतेक कामांना एकाच्या जागी दुसरं चालतं. पण ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ४३४० असेल आणि तुम्ही ईएन २४ लावलं, तर टेस्ट सर्टिफिकेटवरचा निकेलचा आकडा पाहून माल परत येईल. आधी लेखी मंजुरी घ्यायची.

ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम असतं, निकेल नसतं, त्यामुळे स्वस्त पडतं. मध्यम जाडीला, म्हणजे साधारण ६०-७० मिलिमीटरपर्यंत, आणि धक्क्याचं काम नसेल तर मी स्वतः ईएन १९ सुचवतो. निकेलमुळे मिळणारा चिवटपणा धक्का बसतो तिथे कामाला येतो: क्रशर, प्रेस, मोठे गिअर शाफ्ट, वाहनांचे अॅक्सल. गिअरच्या दातांना वरून खूप कडक थर हवा असेल तर दोन्ही नकोत. मग २०एमएनसीआर५ किंवा ईएन ३५३ सारखं कमी कार्बनचं स्टील घेऊन कार्बुरायझिंग, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवणं, करायचं.

---

खडीवाला

नमस्कार. आमचा खडीचा धंदा आहे, लहान जॉ क्रशर आहे. त्याचा एक्सेंट्रिक शाफ्ट तुटला. आधीचा ईएन ८ चा होता, तो गेल्यावर ईएन २४ चा करून घेतला, तोही गेला. ज्यांनी बनवून दिला ते म्हणतात मटेरियल देणाऱ्याने फसवलं, मटेरियलवाला म्हणतो मशिनिंगमध्ये गडबड आहे. ऐन सीझनमध्ये क्रशर बंद आहे.

एक्सेंट्रिकचा जाड भाग संपून बेअरिंगची सीट सुरू होते त्या स्टेपला तुटलाय. सीट १२० मिलिमीटरची. तुटलेलं तोंड पुसून पाहिलं. बहुतेक भाग गुळगुळीत, घासून काढल्यासारखा. एका कडेला तपकिरी डाग आहे आणि तिथून अर्धगोल रेषा निघून पसरत गेल्यात. समोरच्या बाजूला चतकोराहून कमी भाग खरखरीत, दाणेदार, चकाकणारा. आता याहून भारी कुठलं स्टील घेऊ?

---

अनुजा_डिझाइन

खडीवाला दादा, तुम्ही तोंडाचं वर्णन इतकं नेमकं केलंय की निम्मं निदान त्यातच आलं. हा फटीग आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन हळूहळू वाढत गेलेला तडा. तपकिरी डाग दिसतो तिथे तडा सुरू झाला, म्हणजे त्या फटीत हवा-पाणी जायला बरेच दिवस मिळाले. अर्धगोल रेषा हा तडा थांबत-थांबत पुढे सरकल्याचा माग आहे: क्रशर बंद-चालू झाला, भार कमी-जास्त झाला, की एक रेष उमटते. खरखरीत भाग म्हणजे शेवटी जे एकदम तुटलं ते.

आता तो खरखरीत भाग लहान आहे, हे महत्त्वाचं. एवढासा तुकडा शिल्लक राहीपर्यंत शाफ्टने भार पेलला. म्हणजे एकूण भाराच्या मानाने शाफ्ट बारीक नव्हता. तडा सुरू होण्याचं कारण त्या कोपऱ्यातच शोधायला हवं. लगेच 'भारी स्टील'कडे जाऊ नका. तीन गोष्टी कळवा: त्या स्टेपच्या कोपऱ्याला रेडियस (गोलाई) किती होता, टूलच्या रेघा किती खोल दिसतात, आणि तुटलेल्या तुकड्याचा बीएचएन किती. जमलं तर स्पेक्ट्रो टेस्टही (कुठलं मूलद्रव्य किती ते दाखवणारी) करून घ्या. म्हणजे मटेरियलवाल्याचा प्रश्न एकदाचा मिटेल.

कोपरा अगदी काटकोनात उतरवला असेल तर तिथला ताण सरासरीच्या अडीच-तीन पट होतो. ईएन ८ तिथूनच गेला, ईएन २४ ही तिथूनच गेला, यातच उत्तर असावं असं मला वाटतं. उलट स्टील जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते खाचेला आणि ओरखड्याला जास्त हळवं. भट्टीकरांनी म्हटलेल्या झेड कंडिशनला तर टूलची एक रेघसुद्धा महागात पडते.

---

नाना_वेल्डिंग

दादा, तोवर तात्पुरतं म्हणून कुणी वेल्ड मारून देतो म्हणेल, ते करू नका. माझा धंदाच वेल्डिंगचा आहे, तरी सांगतो.

स्टील वेल्डला किती अवघड ते सांगणारा आकडा म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, तो काढायचं साधं सूत्र आहे: कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोम-मॉली-व्हॅनेडियम भागिले ५, अधिक निकेल-तांबं भागिले १५. ईएन २४ साठी ०.४, त्यात ०.१, त्यात ०.३, त्यात ०.१. झाले ०.९. स्ट्रक्चरचं स्टील ०.४ च्या आसपास असतं, ते डोळे मिटून वेल्ड होतं. ०.९ म्हणजे वेल्डच्या शेजारचा पट्टा काचेसारखा कडक होणार आणि तडकणार, तेही कधी कधी दुसऱ्या दिवशी. मारायचंच झालं तर जॉब तीनशे अंशांच्या आसपास आधी तापवायचा, सगळं वेल्डिंग होईपर्यंत ते तापमान टिकवायचं, भट्टीत सुकवलेले लो-हायड्रोजन रॉड वापरायचे, वेल्डनंतर गार होऊ न देता स्ट्रेस रिलीव्ह (आतला ताण घालवायला पुन्हा तापवणं) करायचं. एवढं करूनही फिरत्या शाफ्टच्या स्टेपला वेल्ड हे माझ्या हिशोबात बसत नाही. फ्लायव्हील सुटलं तर माणूस जाईल.

---

बे_एरियाकर

नानांनी हायड्रोजनचा विषय काढला म्हणून आमच्या इथलं उदाहरण देतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचा पूर्वेकडचा नवा भाग बांधताना एका पिअरवर (पुलाच्या खांबावर) ९६ अँकर रॉड बसवले होते. प्रत्येकी ३ इंच व्यास, ए३५४ बीडी ग्रेडचं जास्त ताकदीचं स्टील, वरून गरम झिंकचं गॅल्वनायझिंग. २००८ साली बनवलेले हे रॉड पिअरमधल्या नळ्यांत कित्येक वर्षं उभे होते आणि त्या नळ्यांत पावसाचं पाणी साचत होतं. मार्च २०१३ मध्ये ते ताणले आणि पुढच्या काही दिवसांत एकेक करत ३२ तुटले. रॉड आत गाडलेले असल्याने बदलता येईनात. शेवटी बाहेरून स्टीलचं सॅडल बसवून ते काम भागवलं.

ताकद कागदावर होती तेवढी होती. तुटले ते हायड्रोजनमुळे. पाणी आणि झिंक यांच्या रासायनिक क्रियेतून हायड्रोजन तयार होतो आणि स्टीलमध्ये शिरतो. सतत ताण असलेल्या कडक स्टीलमध्ये तो तडा वाढवत नेतो. आज बोल्ट आवळला, सगळं ठीक, चार दिवसांनी डोकं उडालेलं. म्हणून ताकद वाढवत जाणं फुकट नसतं हे पटतं.

---

ओंकार_डिप्लोमा

बापरे. मग १२.९ च्या बोल्टला झिंक प्लेटिंग करतात ते कसं चालतं?

---

भट्टीकर

सांभाळून करावं लागतं. १२.९ म्हणजे ताणशक्ती १२०० एमपीए आणि यिल्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो तो) त्याच्या ९० टक्के. त्याचा कडकपणा ३९ ते ४४ एचआरसी, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात. प्लेटिंगआधी अॅसिडमध्ये धुतात आणि प्लेटिंगच्या टाकीतही हायड्रोजन सुटतो, दोन्हींकडून तो आत जातो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर शक्य तितक्या लवकर, शक्यतो चार तासांच्या आत, बोल्ट १९० ते २२० अंशांवर बराच वेळ भाजायचे. हा बेकिंगचा टप्पा वाचवायचा म्हणून काही ठिकाणी गाळतात आणि बोल्ट वरून तितकाच सुंदर दिसतो. माझं मत विचाराल तर ८.८ किंवा १०.९ ने भागत असेल तर व्यास एक नंबर वाढवा आणि १२.९ टाळा. १२.९ काळाच वापरा, तेल लावून.

---

नीरा_काठ

विषय निघालाच आहे तर वालचंदनगरचा उल्लेख व्हायला हवा. इंदापूर तालुक्यातल्या या गावात साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने इस्रोसाठी रॉकेटच्या मोटर केसिंग बनवल्या आहेत. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं घन इंधन ज्या नळकांड्यात असतं ते २.८ मीटर व्यासाचं आणि एम२५० मरेजिंग स्टीलचं. हे स्टील हैदराबादच्या मिधानीत तयार होतं.

मरेजिंगची रीत ईएन २४ च्या अगदी उलट. कार्बन जवळजवळ नसतोच, ०.०३ टक्क्याच्या खाली. निकेल १८ टक्के, कोबाल्ट ८ च्या आसपास, मॉलिब्डेनम ५ च्या आसपास, थोडं टायटॅनियम. कार्बन नसल्याने मऊ अवस्थेत पत्रा वाकवता येतो, वेल्ड करता येतो, मशिनिंग करता येतं. सगळं झाल्यावर ४८० अंशांवर काही तास ठेवलं की धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ताकद १७०० एमपीएच्या वर जाते. क्वेंचिंगच नाही, त्यामुळे माप फारसं हलत नाही. एवढ्या मोठ्या व्यासाचा पातळ भिंतीचा जॉब तेलात बुडवून सरळ ठेवणं कुणाला जमणार? ज्यांनी ती रिंग जवळून पाहिलीय त्यांना आपल्या भागाचा किती अभिमान वाटतो, हे लिहून सांगता येणार नाही.

---

अनुजा_डिझाइन

नीरा_काठ, सुंदर माहिती. भर घालते. विमानाच्या लँडिंग गिअरसाठी ३००एम वापरतात, ते मुळात ४३४० च. त्यात सिलिकॉन १.६ टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, थोडं व्हॅनेडियम, आणि व्हॅक्युममध्ये पुन्हा वितळवून शुद्ध केलेलं. सिलिकॉनमुळे तो ठिसूळ पट्टा वरच्या तापमानाकडे सरकतो, म्हणून तीनशे अंशांना टेंपर करूनही १९०० एमपीएच्या पुढे चिवट माल मिळतो. ईएन २४ ला जे जमत नाही ते एका मूलद्रव्याने जमवलंय. पण ते स्टील क्रशरला नको, दादा.

---

खडीवाला

सगळ्यांचे आभार. टेस्ट करून आणल्या. स्पेक्ट्रोमध्ये निकेल १.४२, क्रोमियम १.१, मॉलिब्डेनम ०.२४, कार्बन ०.३९. म्हणजे मटेरियल खरं ईएन २४ च निघालं. बीएचएन काठाला आणि मध्याला दोन्हीकडे २१५ च्या आसपास. स्टेपला रेडियस असा नाहीच, टूलच्या टोकाचा असेल तेवढा. कोपऱ्यात बोट फिरवलं तर नखाला रेघा लागतात.

---

भट्टीकर

मग मटेरियलवाला सुटला. २१५ बीएचएन म्हणजे ताणशक्ती साधारण ७३० एमपीए (बीएचएनला ३.४ ने गुणलं की अंदाज येतो). काठाला आणि गाभ्याला सारखाच आकडा म्हणजे हा अनील केलेला बार जसाच्या तसा टर्न करून बसवलाय. हार्डनिंग झालेलंच नाही. गुळगुळीत नमुन्यावर फटीगची मर्यादा ताणशक्तीच्या निम्मी धरतात. म्हणजे ३६५ च्या जागी टी कंडिशनमध्ये ४५० च्या आसपास मिळाली असती. पण अनुजाताई म्हणाल्या तसं, कोपरा तसाच ठेवला तर तेवढ्याने भागणार नाही. दोन्ही करा.

ऑर्डरवर असं लिहून द्या: "ईएन २४, फोर्ज्ड, अल्ट्रासॉनिक तपासलेला. रफ टर्निंग करून हार्डनिंग-टेंपरिंग, २६९ ते ३०२ बीएचएन. त्यानंतर फिनिश टर्निंग आणि सीट ग्राइंडिंग. हीट नंबरसह टेस्ट सर्टिफिकेट आणि भट्टीचा चार्ट सोबत हवा." रफ टर्निंगला व्यासावर पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा. क्वेंचमध्ये शाफ्ट थोडा वाकतो आणि वरचा थर कार्बन गमावून मऊ होतो, ते दोन्ही फिनिशमध्ये निघून जायला हवं. प्रेसवर सरळ केला तर त्यानंतर स्ट्रेस रिलीव्ह, टेंपरच्या तापमानाच्या ३०-४० अंश खाली. आणि माल हातात आला की पैसे देण्याआधी बीएचएन स्वतः मोजा. पोर्टेबल यंत्र आता बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं.

---

खडीवाला

लिहून घेतलं. एक अडचण आहे. टर्नर म्हणतो स्टेपला ५ चा रेडियस दिला तर २२२२४ बेअरिंग शोल्डरला टेकणारच नाही, कारण बेअरिंगच्या आतल्या कडेचा चॅम्फर (तिरकी उतरवलेली कड) लहान आहे.

---

अनुजा_डिझाइन

टर्नर बरोबर सांगतोय. त्या बेअरिंगला शाफ्टचा रेडियस सुमारे २ पर्यंतच चालतो. दादा, मध्ये एक रिंग टाका. शाफ्टवर ६ चा रेडियस ठेवा. १२० बोअरची स्पेसर रिंग करून तिच्या शोल्डरकडच्या तोंडाला ७ चा चॅम्फर द्या, म्हणजे ती रेडियसवरून पुढे जाऊन शोल्डरला टेकेल, आणि बेअरिंग रिंगच्या सपाट तोंडाला टेकेल. रिंग १५ मिलिमीटर रुंद ठेवा, दोन्ही तोंडं समांतर ग्राइंड करा. रिंगएवढं बेअरिंग बाहेर सरकेल, तेव्हा हाउसिंगमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. जागा नसेल तर शोल्डरच तेवढं आत घ्या. रेडियस झाल्यावर तो बारीक एमरीने घासून टूलच्या रेघा पूर्ण काढायच्या, नख फिरवलं तर काही लागता कामा नये. ड्रॉइंग करून पाठवते, फक्त एक्सेंट्रिकच्या जाड भागाचा व्यास आणि हाउसिंगची आतली रुंदी कळवा.